फिनलंडला या, दगड बघायला

‘नॉर्दर्न लाइट्स सोडल्या तर तिकडे बघायला आहे काय?’ लग्नकार्यात, फोनवर, सोसायटीच्या जिन्यात हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय, की तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच लिहून टाकते. विचारणारे बहुतेक मे-जूनच्या सुट्टीत येणारे असतात, आणि तेव्हा इथे रात्र धड काळोखीच होत नाही. लाइट्स दिसणार कुठून?

माझं उत्तर ठरलेलं आहे: खड्डे, दगड आणि सिमेंटची माणसं. ऐकून समोरचा गप्प होतो. बाबाही झाले होते. ‘एवढं विमानाचं तिकीट काढून खड्डे? ते पुण्यात काय कमी आहेत?’

तरी त्यांना आस्कोलाला नेलं. हेलसिंकीच्या ईशान्येला, पोर्वोच्या जवळ. गाडी लावून जंगलात शिरायचं, डास मारत लाकडी पायऱ्या चढायच्या, की खडकात कोरल्यासारखे गोल खड्डे लागतात. सगळ्यात मोठा दहा मीटरच्या आसपास खोल. वाकून बघितलं तर आतली भिंत हात फिरवून गुळगुळीत केल्यासारखी. बाबांचं आजोळ पारनेर तालुक्यातलं. ते एकदम म्हणाले, ‘अगं, हे तर आपलं निघोज!’

आणि खरंच, कारागिरी तीच. निघोजला कुकडी नदीच्या भोवऱ्यात गोटे गरगरत राहिले आणि त्यांनी काळ्या कातळात रांजणखळगे घासून काढले. इथे तेच काम हिमयुगातल्या बर्फाच्या वितळत्या पाण्याने केलं. फरक एवढाच, की कुकडी अजून मळगंगा देवीच्या पायाशी आहे आणि इथलं पाणी बर्फाबरोबर निघून गेलं. टेकडीच्या उतारावर, झाडांमध्ये, नदीचा पत्ता नसताना हे खड्डे उरलेत. फिनिश लोक त्यांना ‘हीदेनकिर्नू’ म्हणतात. हीसी म्हणजे लोककथांमधला राक्षस आणि किर्नू म्हणजे लोणी काढायचं भांडं. दुष्काळी तालुक्यातल्या माणसांना कातळात पाण्याचे रांजण दिसले, लोणी खाणाऱ्यांना ताकाचा डेरा. मला या देशात सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली म्हणाल तर हीच.

त्या बर्फाने आणखीही उद्योग करून ठेवलेत. किलोमीटरभराहून कितीतरी जाड थराखाली इथली जमीन दबली होती. बर्फ गेला तशी ती हळूहळू वर यायला लागली आणि अजून येतेय. पश्चिम किनाऱ्यावर वासाजवळच्या क्वार्केन बेटांपाशी वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर. दरवर्षी समुद्रातून जवळजवळ एक चौरस किलोमीटर नवी जमीन निघते. २००६ पासून हा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. वासा शहराचं बंदर असंच उथळ होत गेलं. १८५२ मध्ये गाव जळालं, तेव्हा लोकांनी नवं गाव जुन्या जागी न बांधता समुद्राच्या दिशेने सातेक किलोमीटर पुढे बांधलं. समुद्राने घरं खाल्लेली ऐकत आपण कोकणात वाढतो. इथे समुद्रच माघार घेतो.

पूर्वेला रुओकोलाहतीत ‘कुम्माकिवी’ आहे, म्हणजे विचित्र दगड. सात मीटर लांबीचा धोंडा एका घोटीव खडकाच्या पाठीवर जेमतेम टेकलाय. आत्ता घसरेल असं वाटतं, पण ढकलून हलत नाही. (बाबांनी ढकलला. प्रत्येक जण ढकलतो.) आपल्याकडे असता तर भीमाच्या नावावर लागला असता आणि शेंदूर फासला गेला असता, इथे ते श्रेय राक्षसांना. शेजारी ना चहाची टपरी, ना तिकीटखिडकी.

तिथून रशियाच्या सीमेला धरून वर गेलं की पारिक्काला. इथे वेइयो र्‍योन्क्क्योनेन नावाचा कागद गिरणीतला कामगार राहायचा. मितभाषी, एकटा. कामावरून आल्यावर तो घराभोवतीच्या बागेत सिमेंटचे पुतळे करत बसे. असं जवळजवळ पन्नास वर्षं. २०१० मध्ये तो गेला तेव्हा पुतळे साडेपाचशेच्या घरात होते. लोक बघायला येत, तर तो पैसे मागत नसे, फक्त वहीत नाव लिहायला सांगे. काही पुतळ्यांच्या तोंडात माणसाचे खरे दात आहेत, त्यामुळे संध्याकाळी एकटं फिरू नये हे माझं मत.

पण त्यातले सुमारे दोनशे पुतळे योगासनं करताहेत! तो स्वतः योगासनं करायचा, आणि हे सगळे म्हणे त्याचीच तरुणपणची रूपं. शेवाळ चढलेले, पाय मानेवर घेतलेले, डोक्यावर उभे. आई तीस वर्षं योगवर्गाला जातेय. ती रांगेतून मास्तरीणबाईंसारखी हिंडली. ‘याची मान आखडलीये. हा बरा आहे. याला श्वास सोडायला सांगा कुणीतरी.’

सुओमुस्साल्मी मात्र राहून गेलं. तिथे महामार्गालगतच्या माळावर हजारेक बुजगावणी उभी आहेत, ‘मूक लोक’ म्हणतात त्यांना. नर्तक रेइयो केला याची ती कल्पना. लाकडी सांगाडा, गवताळ मातीच्या ढेकळाचं डोकं आणि अंगावर लोकांनी दिलेले जुने कपडे. वर्षातून दोनदा ते बदलतात. फोटो दाखवल्यापासून आई दर रविवारी फोनवर विचारते, त्यांना साड्या चालतील का. कपाटातल्या सहा तिने काढूनही ठेवल्यात.