रत्नागिरीच्या पुळणी आणि तिथीचं गणित

भाऊबीज उरकली आणि त्याच रात्री आम्ही तिघींनी, म्हणजे आई, माझी लेक आणि मी, ठाण्याहून कोकण रेल्वे पकडली. सकाळी रत्नागिरी. उतरण्याची सोय भाट्ये खाडीचा पूल ओलांडून पलीकडे, एका काकांच्या घरी. अंगणात पोफळी, मागच्या दारी सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्राचा आवाज. चहा पिता पिता लेकीने विचारलं, "समुद्रावर आत्ता जाऊ या?" काका कालनिर्णयाकडे न बघताच म्हणाले, "आज तृतीया. सवादोनला पूर्ण भरती, बाय. जेवून जा, पाणी पार सुरूपर्यंत येईल."

आकडा आला कुठून, ते मग त्यांनी समजावून सांगितलं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. तृतीया, म्हणजे तीनाची पाऊणपट सव्वादोन. तेवढ्या वाजता भरती, त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी. कोळी, खलाशी सगळे पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशोब धरून होड्या लोटत आले. लेकीने तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला आणि पुढचे पाच दिवस आमची सहल त्याच पानावरून चालली. पुष्कळ जण कोकणात येतात आणि सवड मिळेल तेव्हा समुद्रावर जातात. प्रत्येक किनाऱ्याची बघायची वेळ वेगळी असते, हे मलाही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उमगलं.

दुपारी दोनला भाट्याच्या पुळणीवर गेलो. पुळण हा इकडचा शब्द, वाळूच्या किनाऱ्यासाठी. गणपतीपुळे, भंडारपुळे या गावांच्या नावांतही तोच आहे. अमावास्येला तीनच दिवस झाले होते, त्यामुळे उधाण अजून ओसरलं नव्हतं. एका सुरूचं मूळ वाळूतून उघडं पडलं होतं, त्यावर लाट येऊन आपटली. लेकीने तिथे खडूने खूण केली.

संध्याकाळी मांडवीला. जेट्टीवर सगळी रत्नागिरी हवा खायला आलेली. ओली भेळ, कुल्फी, मासे गळाला लागायची वाट बघत बसलेली मुलं. आम्ही मात्र खाली वाळूत बसलो. मांडवीची वाळू काळी आहे, म्हणून गावात याला काळा समुद्रच म्हणतात. मी मुद्दाम आईच्या शिवणाच्या डब्यातला लोहचुंबक आणला होता, खाली पडलेल्या सुया गोळा करायला ती वापरते तो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो वाळूवरून फिरवला आणि क्षणात त्याला काळी दाढी फुटली! कण एकमेकांच्या पाठीवर उभे राहिलेले, टोकाशी केसासारखे बारीक. पिशवी उलटी करून झटकली की सगळे एकदम गळून पडायचे. आईने हा खेळ सात-आठ वेळा केला. सत्तरीची माझी आई, वाळूत मांडी घालून.

ही किमया सह्याद्रीची. तिथला बहुतेक कातळ बेसॉल्टचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचा. तो झिजतो, नद्या त्याची माती खाली आणतात आणि हलके कण लाटा उचलून नेतात. मॅग्नेटाइट, इल्मेनाइट ही जड खनिजं मागे राहतात. लोहचुंबकाला चिकटतं ते मुख्यतः मॅग्नेटाइट. इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम असतं आणि पांढऱ्या रंगासाठी लागणारी पूड त्यापासून बनते. इतक्या काळ्या वाळूत पांढरा रंग लपलेला असतो, हे ऐकून लेक बराच वेळ मुठीतली वाळू निरखत बसली.

चतुर्थीला, विनायकीला, गणपतीपुळ्याला जायचं हे आईने घरूनच ठरवलं होतं. गणिताप्रमाणे भरती तीनला, ओहोटी नऊला. म्हणून सकाळी सातलाच रिक्षा काढली. शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवी, मग आरे. आऱ्याहून वाऱ्याला जाताना रस्ता डोंगरावर चढतो आणि एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात, मधे कड्याचं नाक आणि दोन बाजूंना दोन चंद्रकोरी. त्या वळणावर सगळेच फोटो काढतात, आम्हीही काढले. पण खरी मजा खाली उतरल्यावर.

ओहोटीने ओल्या वाळूचा मोठा पट्टा उघडा टाकला होता आणि त्यावर जिकडेतिकडे रांगोळ्या. मधे पेन्सिल जाईल एवढं भोक, त्याभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, किरणांसारख्या ओळींत. आम्ही न हलता बसलो. मिनिटभराने भोकातून वाटाण्याएवढी कुर्ली बाहेर आली. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाकडे न्यायची, त्यातलं खाणं टिपून घ्यायची, उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची, एक पाऊल सरकायची आणि पुन्हा तेच. आईच्या पदराची सावली हलली तशी ती गडप. ही सगळी रांगोळी भरती पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीला कुर्ल्या ती नव्याने घालतात. दुपारी येणाऱ्याला तिथे नुसती गुळगुळीत वाळू दिसणार.

गणपतीपुळ्याला दर्शन झालं. देऊळ अगदी समुद्राला लागून आणि डोंगर हाच गणपती, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. आईने ती न थांबता पुरी केली. इथला समुद्र मात्र आऱ्यासारखा नाही. पुळण एकदम उतरती आहे, चार पावलांत पाणी कमरेला लागतं आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. इथे माणसं बुडाली आहेत, दर सुट्टीत बातमी येते. जीवरक्षक शिट्ट्या वाजवून थकले होते आणि पोरांचा एक घोळका हसत हसत आणखी आत जात होता. मला खरोखर राग आला. वाचणाऱ्यांना कळकळीने सांगते, गणपतीपुळ्यात पाय भिजवा, सूर्यास्त बघा, मोदक खा. पोहायला तिथे उतरू नका.

पंचमीला पांढरा समुद्र. मांडवीहून रिक्षाने पाच-दहा मिनिटं, मधे फक्त रत्नदुर्गाचं भूशिर आणि मिरकरवाड्याचं बंदर. भूशिराच्या अल्याड काळी वाळू, पल्याड फिकट. लोहचुंबक पुन्हा काढला, फिरवला, पण चिकटले ते जेमतेम चिमूटभर कण. वाळू तळहातावर घेऊन पाहिली तर त्यात शिंपल्यांचा चुरा, गुलाबी, पिवळट, दुधी. किल्ल्यावर भगवतीच्या देवळापासून पुढे बुरुजावर गेलं की दोन्हीकडचा समुद्र दिसतो. तिथे उभं राहून लेकीने हा नकाशा वहीत काढला.

पुढे मिऱ्याला गेले तेव्हा मात्र मन खट्टू झालं. पुळण जवळजवळ उरलेलीच नाही, घरं आणि समुद्र यांच्यामधे दगडांचा बंधारा. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, बसरा स्टार नावाचं जहाज भरकटून याच किनाऱ्याला लागलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच गंजत पडून होतं. लोक जहाज बघायला यायचे. बंधाऱ्याआडच्या घरांमधे पावसाळ्यात काय होत असेल, ते त्या दगडांवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

षष्ठीला पावसवरून पूर्णगड, पूल ओलांडून गावखडी. इथेही सुरूचं बन, पण माणूस नाही. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं इथे रात्री अंडी घालायला येतात आणि गावातली माणसं घरटी राखतात. आम्हाला कासव दिसलं नाही, हंगाम नुकता लागत होता. बनाच्या सावलीत घावणे-चटणी खाल्ली आणि आई तिथेच तासभर झोपली.

शेवटचा दिवस सप्तमी. सातची पाऊणपट सव्वापाच. परतीची गाडी रात्रीची होती, म्हणून पाचच्या आधीच आम्ही भाट्याला खडूची खूण शोधत गेलो, काकाही आले. पाणी हळूहळू चढत आलं, थबकलं, दोन लाटा पुढे आल्या आणि मग प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या अलीकडेच फुटायला लागली. लेकीने घड्याळ बघितलं, पाचला सात मिनिटं कमी. "काका, लवकर आली. आणि सुरूपर्यंत आलीच नाही!"

"थोडं मागेपुढे होतं, बाय. आणि आता भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी लागलं, उधाण संपलं. पुनवेला ये परत, तुझ्या खुणेवर पाणी दाखवतो."

मुळावरच्या खडूच्या रेघेपासून पाण्यापर्यंत तिने पावलं मोजली. बावीस भरली. तिने ती वहीत लिहिली आणि समोर, कंसात, सप्तमी.