टाचेची तपासणी आणि कॅप्सूलचा डबा

रविवार, रात्री

आज सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी मोफत शिबिर होतं. छोट्या यंत्रात टाच ठेवायची, मिनिटभरात कागद हातात. माझ्या रांगेतल्या सगळ्यांनाच हाडं ठिसूळ व्हायला लागल्याचं सांगितलं. खरं निदान डेक्सा स्कॅनने, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या खास एक्स-रेने होतं, हे कोणी बोललं नाही. पुढच्याच टेबलावर कॅल्शियमची पावडर आणि हार्मोन बॅलन्सच्या कॅप्सूल. महिन्याचा डबा 1,850 रुपये, तीन घेतले तर सवलत. समोरच्या विंगमधल्या काकूंनी पेन्शनच्या पैशांतून तीन घेतले.

शेजारच्या वहिनींची पाळी जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त दिसलं, तेही त्यांनी टेबलावरच्या मुलीला हळूच सांगितलं. ती म्हणाली, "शरीर ॲडजस्ट होतंय, कोर्स पूर्ण करा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाळी पूर्ण 12 महिने बंद राहिल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण कधीकधी तो गर्भाशयाच्या कॅन्सरचा पहिला इशारा असतो. वहिनींना तिथेच बाजूला घेतलं. उद्या सकाळी दोघी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातोय.

पाळी जाण्याच्या वयातला त्रास खोटा नाही. भर गर्दीच्या लोकलमध्ये अंगातून वाफा निघतात, ब्लाउज घामाने चिंब होतो, रात्रीची झोप उडते. घरी कोणाला सांगायची सोय नाही. म्हणून जो ऐकून घेतो, त्याच्याकडून बाई डबा विकत घेते. यात तिचा काय दोष?

या वाफांवर सगळ्यात परिणामकारक उपचार म्हणजे हार्मोन थेरपी, शरीरात कमी झालेले हार्मोन औषध म्हणून देणं. तिच्यावरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग 2002 मध्ये धोक्यांमुळे थांबवला आणि भीती जगभर पसरली. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हे मात्र मागे राहिलं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, एरवी निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा बहुधा धोक्यापेक्षा मोठा ठरतो. सगळ्यांना ती चालत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर सहसा देत नाहीत. ते तपासून डॉक्टरच ठरवणार. सोया, ब्लॅक कोहोश (एक औषधी वनस्पती) यांनी वाफा कमी होतात याला ठाम पुरावा नाही. चाचण्यांत औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीनेही बऱ्याच जणींच्या वाफा कमी होतात. तेव्हा "मला फरक पडला" म्हणणारी बाई खोटं बोलत नसते, पण डब्यावर छापायला तेवढं पुरत नाही.

कमिटीला पत्र लिहून ठेवलंय: पुढचं शिबिर स्त्रीरोगतज्ज्ञांचं हवं, आणि हॉलमध्ये विक्रीचं टेबल नको.