काळ्या दगडाचा देश

भाचीचा फोन आला तेव्हा मी अंगणात जुन्या जात्याभोवतीचा पाला झाडत होतो. ती टोरांटोला असते. "मामा, डिसेंबरात येतोय. हातात दहाच दिवस आहेत. लेकीला आपला देश दाखवायचाय. काय काय बघायचं ते तुम्ही सांगा." तिची स्वतःची यादी तयारच होती. ताजमहाल, जयपूर, केरळातली होडीतली मुक्कामाची सहल, गोवा, आणि जमलं तर काशी. तेही दहा दिवसांत.

मी म्हटलं, "पोरीला विमानतळच जास्त दिसतील. त्यापेक्षा यंदा एकच गोष्ट दाखवू. आपला काळा दगड."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आण्णांचा दगड?" तिला आठवत होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. पाथरवट होते. जुन्नर तालुक्यातल्या गावागावांत फिरून जाती, पाटे, उखळं घडवायचे. घडवलेलं जातं वर्षा-दोन वर्षांनी गुळगुळीत होतं, दळण नीट पडत नाही, मग ते टाकवून घ्यावं लागतं. आण्णा ओसरीवर बसायचे आणि टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, एकेक टिंब उठवत जायचे. दगड निवडायची त्यांची रीत साधी होती. हातोडीनं टिचकी मारायची, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. उतारवयात त्यांना ऐकू येईना. आयुष्यभर घणाचे आवाज झेललेले कान ते. तरी दगड त्यांनी एकही चुकीचा उचलला नाही. "कानाला नाही, हाताला कळतं," असं म्हणायचे.

मी टाकी हातात घेतली नाही. शिकलो आणि एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पण शिकवत होतो तोही तोच दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि भेगांमधून लाव्हा वाहत आला. शंकूसारखा एक डोंगर उभा राहून धूर ओकतो तसला ज्वालामुखी नव्हे हा. लांबच लांब भेगा, आणि थरावर थर. वर्गात मी पोळ्यांच्या चवडीचा दाखला द्यायचो. एक पोळी निवली की तिच्यावर दुसरी. मधल्या काळात वरचा भाग कुजून तांबडी माती झाली, तिच्यावर पुढचा थर आला. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तो हाच. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच.

तर असा बेत ठरला. जुन्नर, नाणेघाट, निघोज, अजिंठा, वेरूळ, लोणार. मधे दोन दिवस काहीही न करता घरी. ते दोन दिवस मी हट्टानं ठेवले.

शिवनेरी तर घरासमोरच. शिवरायांचा जन्म इथला, १९ फेब्रुवारी १६३०. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरीही आहे. नातीला मी गंगा-जमुना या पाण्याच्या टाक्यांशी उभं केलं आणि एवढंच दाखवलं, की गडावर दगड काढला की तटाला चिरा मिळतो आणि उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं. एका घावात दोन कामं. खालून वर पाणी वाहायला नको, वरून खाली दगड टाकायला नको. लेण्याद्रीला गर्दी होती, गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरलो.

नाणेघाटाला मात्र पहाटेच निघालो. चावंडच्या पायथ्यावरून, पूरच्या कुकडेश्वराला हात जोडून, घाटघरला. कुकडेश्वरापाशी कुकडीचा उगम. इथं ती ओढ्याएवढीसुद्धा नाही. नातीला म्हटलं, "हिला नीट बघून ठेव, परवा पुन्हा भेटणार आहे."

घाटाच्या तोंडाशी जीवधन एका बाजूला, नानाचा अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि मधे एक खिंड. तिच्यातून खाली उतरणारी दगडी वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. वाटेवर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडायची असं पिढ्यानपिढ्या सांगतात. आणि बाजूला गुहा. लोक रांजणापाशी फोटो काढतात आणि परततात, हे बघून मला फार वाईट वाटतं. कारण खरं धन गुहेत आहे. दोन्ही भिंतींवर ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख. नागनिका राणीचा. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, दान दिली, सगळं त्यात आहे, आणि ते आकड्यांत आहे. आकडे कोरलेले आपल्याकडचे सर्वांत जुने लेख मोजले तर त्यात हा येतो. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली पावलं, एवढंच शिल्लक आहे.

नातीनं विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं, "लिहायला सांगितलं राणीनं. कोरलं आपल्यासारख्या कुणीतरी." तिनं बोट हवेतल्या हवेत अक्षरावरून फिरवलं. लेखाला हात लावायचा नाही हे तिला आधीच सांगितलं होतं, आणि तिनं ते पाळलं.

पावसाळ्यात इथं कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर फेकलं जातं. ते बघायला शनिवार-रविवारी एवढी झुंबड उडते की चालायला जागा नसते. यायचंच असेल तर मधल्या वारी या. आणि कड्याच्या टोकाशी जाऊ नका. ओला कातळ शेवाळानं कसा सटकतो ते इथल्या माणसाला विचारा.

निघोज बहुतेकांच्या यादीत नसतं. माझ्या यादीत ते वरच्या नंबरात आहे. तीच कुकडी, पण इथं ती काळ्या कातळात खोल घळ कोरून वाहते आणि घळीच्या दोन्ही काठांना शेकडो रांजणखळगे आहेत. काही वाटीएवढे, काहींत माणूस उभा मावेल. पुराच्या पाण्यात भोवरा होतो, भोवऱ्यात गोटा अडकतो, आणि तो गोटा जागच्या जागी गरगरत कातळ झिजवत जातो. हजारो वर्षं. एका उथळ खळग्याच्या तळाशी गोटे तसेच बसलेले होते. मी एक उचलून नातीच्या हातात दिला. इतका गोल, इतका गुळगुळीत, की लाटून केलेला वाटावा. खळग्याची आतली भिंतही तशीच, थंड आणि तुकतुकीत. "जातं!" ती म्हणाली. घरचं जातं तिनं आदल्याच दिवशी फिरवलं होतं. एकतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आण्णा टाकी मारून दगडाला खरखरीत करायचे ते दळणासाठी, आणि नदीला दळायला टाकी लागत नाही. काठावर मळगंगेचं देऊळ आहे. तिथं बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली.

मग अजिंठा आणि वेरूळ. एक सूचना आधीच देतो: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही एकाच दिवसात उरकायचा विचारही मनात आणू नका. छत्रपती संभाजीनगराहून वेरूळ तासाभरावर आहे, अजिंठा मात्र शंभर किलोमीटर.

अजिंठ्याची चित्रं बघायचीच. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर अंधारात दोन मिनिटं डोळे सरावू द्या, मग ते झुकलेले डोळे हळूहळू उजळतात. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते चोविसाव्या लेण्याबद्दल, जिथं फारसं कुणी थांबत नाही, कारण ते अर्धवट राहिलं. पूर्ण झालं असतं तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांत त्याची गणना झाली असती. बरेचसे खांब अजून अंगाबाहेर आलेले नाहीत. आत शिरल्यावर समजतं की हे काम कसं चालायचं. कातळात समांतर खोल चर मारत न्यायचे, मधे उभे पट्टे राहतात, मग ते पट्टे फोडून काढायचे. शेतात सरी-वरंबा असतो ना, अगदी तसं. भिंतीवर तिरप्या घावांच्या ओळी आहेत. एका ओळीतले घाव उजवीकडून डावीकडे झुकलेले, शेजारच्या पट्ट्यातले उलटे. मी तिथं कितीतरी वेळ उभा राहिलो. आण्णा एका पाट्यावर जसे घाव टाकायचे, तशीच ती दोन घावांमधली बोटभर जागा. दीड हजार वर्षांपूर्वी या माणसानं सकाळी काम सुरू केलं असेल, दुपारी भाकरी खाल्ली असेल, आणि एके दिवशी कुणीतरी सांगितलं असेल की उद्यापासून येऊ नको. घाव तिथंच थांबलेत. भाचीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलली नाही.

वेरूळला चौतीस लेणी आहेत. बौद्ध, हिंदू आणि जैन, एकाच डोंगराच्या रांगेत. वेळ कमी असेल तर सोळावं, कैलास, आणि त्याला पूर्ण सकाळ द्या. आधी खालून आत शिरू नका. बाजूनं डोंगरावर वाट जाते, तिथून वरून बघा. तेव्हा समजतं की हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगरातून सोडवलेलं आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कारागिरांनी तीन बाजूंनी खंदक खणत मधे एक भलामोठा दगड मोकळा केला आणि वरून खाली कोरत आले. मागची भिंत शंभर फुटांच्या आसपास उंच. म्हणजे कळस आधी झाला, जोतं शेवटी. हत्तीचा एक पाय चुकून तुटला तर नवा आणून जोडायची सोय नाही, सगळा एकच दगड. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या एका ताम्रपटात या देवळाची स्तुती आहे. त्यात म्हटलंय की विमानातून जाणारे देवही थक्क झाले, आणि करणारा कारागीर स्वतःच चकित झाला की हे मी कसं केलं. मी हे नातीला तिथंच, जोत्यावरच्या हत्तींच्या ओळीशेजारी सांगितलं. तिनं विचारलं, "त्याचं नाव?" राजाचं नाव आहे, त्याचं नाही.

लोणारला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी थांबलो होतो. लोणारचं सरोवर म्हणजे बाहेरून आलेल्या अशनीनं आपल्या काळ्या दगडावर मारलेला एक घाव. पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद, दीडशे मीटर खोल, काठ अजूनही वाटोळा. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या याच काळ्या दगडात, पडलेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर विरळा. पाणी खारं आणि साबणासारखं अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आणि त्याच विवराच्या कडेला गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका, लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं. लोणार हे नावही लवणावरूनच.

आम्ही काठावरच बसलो. खाली झाडीत मोर ओरडत होते. थोड्या वेळानं चंद्र वर आला. मी नातीला चंद्रावरचे काळे डाग दाखवले आणि सांगितलं की तेही लाव्हाचेच, आपल्यासारखाच काळा दगड. म्हणून तर चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारचे दगड तपासतात.

ती बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "मामाआजोबा, तिथला दगड खणखणीत वाजेल की बद्द?"

"तिथं हवा नाही, बाळा. वाजणारच नाही."

"मग चांगला दगड कसा कळणार?"

"हाताला कळेल," मी म्हटलं.