राणीची खोली, ओरछा

नागपूरहून ओरछ्याला जाणं अवघड नाही. दिल्लीकडच्या बऱ्याच गाड्या झाशीला थांबतात, पुढे ऑटो. झाशीचा किल्ला, बेतवेचा काठ, राजांच्या समाधी-छत्र्यांवर बसलेली गिधाडं, सगळं पाहून झालं. फोटो हवे असतील तर मागा, पाठवते. मला सांगायचंय ते किल्ल्यातल्या मुक्कामाबद्दल.

ओरछ्याच्या किल्ल्यात राजा महाल आणि जहांगीर महालाच्या शेजारी शीश महाल आहे. १८व्या शतकात राजा उदैत सिंहासाठी बांधलेला, आता तिथे हॉटेल आहे. भिंती एवढ्या जाड की मोबाइलची रेंज बाहेरच राहते. (माझ्या मते भाड्यातला निम्मा पैसा तिथेच वसूल.) रात्री आईला समोरच्या जहांगीर महालाची गोष्ट सांगितली. बुंदेला बीरसिंह देवाने अकबराचा मुलगा सलीम याच्या सांगण्यावरून १६०२ साली अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलला मारलं. १६०५ साली सलीम जहांगीर बादशहा झाला, बीरसिंहाला ओरछ्याची गादी मिळाली, आणि त्याने दोस्तासाठी हा एवढा महाल उठवला. बादशहा तिथे एकच रात्र राहिला म्हणतात.

"म्हणजे आपल्याएवढाच," आई म्हणाली.

सकाळी किल्ला उघडला तेव्हा आई गाऊनवर चहा पीत होती, खिडकीत टॉवेल वाळत होते आणि दार नुसतं लोटलेलं. एक गॉगलवाले गृहस्थ सरळ आत आले. छत पाहिलं, कमानीवरून हात फिरवला, मग त्यांना आई दिसली.

"ये रानी का कमरा था क्या?"

"अभी भी है," आई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. पाहुण्यांशिवाय इतरांना प्रवेश नाही अशी पाटी लावली तरी ती वाचतो कोण? एवढे पैसे मोजून आपणच प्रेक्षणीय स्थळ व्हायचं? मी तोंड उघडणार तर आईने मलाच दटावलं, "काहून ओरडतं वं? सीताबर्डीच्या किल्ल्यात आपण काय करतो?"

ते खरंच. १८१७ साली आप्पासाहेब भोसल्यांची फौज जिथे इंग्रजांशी हरली, तो आमचा किल्ला आज लष्कराकडे आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी लोकांना आत सोडतात. तेव्हा रांगा लावून, बंद दारांच्या फटींना डोळे लावणारे आम्हीच.

तोवर गृहस्थांनी बायको, पोरं, सासूबाई सगळ्यांना हाका मारल्या होत्या. आईने सासूबाईंना पलंगावर बसवलं, बाथरूमसुद्धा दाखवलं. मी टॉवेल गोळा केले. पोरांना राणीसोबत सेल्फी हवा होता, म्हणून मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.