स्वभावच तसा?

"सुट्टे नाहीत तर चढता कशाला हो!" कंडक्टर आजींवर खेकसला. शेजारच्या काकू लगेच, "माजलेत मेले, स्वभावच असतो यांचा." मी पण मान डोलावली.

मग तो माझ्यापाशी आला. उजव्या अंगठ्याला पट्टी, त्यातून रक्त आलेलं, मशीनचं बटण करंगळीने दाबत होता बिचारा, आणि बस खच्चून भरलेली.

परवा मी लेकीवर असंच ओरडले, तेव्हा मात्र झोप झाली नव्हती, ऑफिसचं टेन्शन होतं, सगळी कारणं तयार होती माझ्याकडे.

दुसऱ्याचं वागणं सरळ स्वभावावर ढकलायचं, परिस्थिती बघायचीच नाही, या चुकीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मधे नावच दिलंय, फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर.

काकूंना काहीच न बोलता उतरले. बोलायला हवं होतं का?