फाइलच्या नावांनी अडवलं तेव्हा काय केलं, माझा अनुभव

विंडोजवरची जुनी कागदपत्रं लिनक्स सर्व्हरवर हलवून वेबवरून उघडता यावीत असं काम होतं, आणि फाइलींना नावं लोकांनी वर्षानुवर्षं सुचेल तशी दिलेली, त्यात स्पेस, कंस, हॅश, टक्के, ॲपॉस्ट्रॉफी, मराठी सगळं होतं. सगळं सरसकट अंडरस्कोर करून टाका असा सल्ला मिळाला पण मला तो अजिबात पटला नाही, नाव त्या माणसाने विचार करून दिलेलं असतं, त्याला ते तसंच सापडायला हवं.

लिनक्सला नावात फक्त स्लॅश आणि नल बाइट (शून्य किमतीचा बाइट) चालत नाही, बाकी काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. अडतं ते शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. व्हेरिएबलला डबल कोट नसले की स्पेसवर नावाचे तुकडे पडतात आणि हायफनने सुरू होणारं नाव कमांडला ऑप्शन वाटतं, म्हणून मी हलवाहलवीचं सगळं पायथॉनमध्ये घेतलं आणि बाहेरची कमांड चालवायची तिथे आर्ग्युमेंट (कमांडला द्यायची नावं वगैरे) लिस्ट म्हणून दिले, एका स्ट्रिंगमध्ये जोडून नाही. मग मधे शेल येतच नाही. हायफनचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, तिथे नावाआधी ./ लावावं लागतं.

खरा वेळ खाल्ला मराठीने. यादीत 'दुसऱ्या' आणि फोल्डरमध्येही 'दुसऱ्या', डोळ्याला काडीचा फरक नाही, तरी प्रोग्राम म्हणतो फाइल नाही. दोन्हीचे कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे युनिकोडमधले क्रमांक, छापून बघितले तेव्हा कळलं, एकीकडे ऱ हे एकच अक्षर आणि मग हलंत, दुसरीकडे साधा र, हलंत आणि न दिसणारा, शेजारच्या अक्षरांचा जोड बदलणारा झीरो विड्थ जॉइनर. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच मजकूर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला असला तर तो एकसारखा करण्याची पद्धत) र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असेल तर त्याचा ऱ करून देतं, पण जॉइनरला हात लावत नाही. आणि जॉइनर नुसता उडवला तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात! म्हणून दोन्हीकडे आधी एनएफसी, मग र-हलंत-जॉइनर या तिघांच्या जागी ऱ-हलंत, आणि हे फक्त तुलनेपुरतं, डिस्कवरचं नाव आहे तसंच.

लिंकमध्ये हॅश आला की त्याच्या पुढचं सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे पर्सेंट एन्कोडिंग (खास चिन्हाऐवजी % आणि त्याचा कोड लिहिणं) हवंच, आणि ते एकदाच करायचं, दुसऱ्यांदा केलं की टक्क्याचंच %२५ होऊन बसतं.

शेवटी काही लांबलचक नावं कॉपीच होईनात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमला नावात २५५ युनिट चालतात (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक युनिट), लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमला २५५ बाइट, आणि लिनक्सवर नावं ज्यात साठवतात त्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटचं, मात्रा वेगळी मोजायची, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. तेवढ्या फाइलींना डिस्कवर नंबर दिला आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवलं, डाउनलोड करताना तेच नाव मिळतं.