एकच गोळी, भावाला लागू पडली मला नाही

आम्ही देवगडचे, मोठा भाऊ आणि मी, दोघांची शुगर एकाच पावसाळ्यात निघाली आणि गोळी पण तीच, मेटफॉर्मिन. भावाचं वजन 88, माझं 54. सहा महिन्यांनी त्याची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी) 8.6 वरून 6.8 वर आली आणि माझी 9.4 ची 9.7 झाली, वर पोट बिघडलं ते वेगळंच, आंब्याच्या पेट्या भरता भरता मधेच पळायला लागायचं.

घरात सगळ्यांचं मत एकच, हा चोरून खातो. आईने तर साठांच्या (आंबापोळीच्या) डब्यातली साठं मोजून ठेवायला सुरुवात केली (मी खरंच खात नव्हतो हो).

मग डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन जोडली, लघवीतून साखर बाहेर काढणारी, पेटंट संपल्यापासून बरीच स्वस्त झालीय. शुगर थोडी उतरली पण वजन 49 वर गेलं, बाजारात काका भेटले ते म्हणाले, "हाडां दिसूक लागली मरे तुझी, जेवण सोडलंस काय?"

शेवटी फोंडा घाट चढून कोल्हापूरला एका डायबेटिसच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी वजन, मग आईवडिलांना कितव्या वर्षी शुगर झाली ते विचारलं, कारण काही घराण्यात एकाच जीनमधल्या बदलामुळे पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणीच शुगर येते आणि त्यातल्या एका प्रकारात ग्लिमेपिराइडसारखी गोळी अगदी थोड्या डोसमध्ये चालते म्हणे. आमच्याकडे तसं काही नव्हतं. मग सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी) आणि जीएडी अँटिबॉडी, दोन टेस्ट. अँटिबॉडी निगेटिव्ह, म्हणजे शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारत असल्याची खूण नाही, पण उपाशीपोटी सी-पेप्टाइड 0.6, लॅबच्या खालच्या मर्यादेच्याही खाली.

डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावाच्या अंगात इन्सुलिन आहे पण ते नीट चालत नाही, तुमच्यात मुळात बनतंच कमी. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरमधून सुटणारी साखर आवरते, इन्सुलिन काही तयार करत नाही. मी म्हटलं पण मी तर सडपातळ. तेव्हा त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा किस्सा सांगितला, 2004 साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण अंगातली चरबी एकाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काट्यावर सारखे, आतून वेगळे. मला हे फार पटलं, कारण आम्ही दोघे भाऊ तर काट्यावरही वेगळे आणि औषध मात्र एकाच चिठ्ठीवरचं.

डापाग्लिफ्लोझिन त्याच दिवशी बंद, इन्सुलिन कमी असताना तिने रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) वाढून धोका होऊ शकतो म्हणून. मेटफॉर्मिन 500 ची सावकाश सुटणारी, पोट गप्प झालं. आणि रात्री ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, 8 युनिटपासून. पहिल्या रात्री पेन हातात धरून मी पंधरा मिनिटं नुसता बसलो होतो, शेवटी बायकोनेच पोटाची चिमूट धरली, मच्छर चावतो त्याहून कमी दुखलं. सहा महिन्यांत 7.2 आणि वजन परत 53. मे महिन्यात लाइट गेली की नवीन पेनं डब्यात घालून माठाजवळ ठेवतो.

भाऊ परवा विचारत होता, मी पण सुरू करू काय? म्हटलं तू आधी ती सी-पेप्टाइडची टेस्ट कर. आई साठं अजून मोजते.